ऑटिझमच्या निदानापाशी तपासणी का थांबते?

मुलांच्या विकासाचं निदान करणारे डॉक्टर, वाचा-उपचारतज्ज्ञ, आणि या दोघांचे अभ्यासक्रम ठरवणारे सर्वजण यांना,

सप्रेम नमस्कार.

माझ्या मुलीच्या वार्षिक आढाव्यात यंदा एक निर्णय झाला. 'बोलणं' हे उद्दिष्ट तिच्या उपचारांतून काढून टाकण्यात आलं. अहवालात त्याचं कारण एका ओळीत आहे : ऑटिझम, संवादाची प्रेरणा कमी, सूचनांना सहकार्य नाही. तिचं तोंड कसं हलतं, कोणता आवाज निघतो, कोणता निघत नाही, याबद्दल त्या अहवालात एक अक्षर नाही, कारण ते कुणी तपासलेलंच नाही. उपचार केंद्राचं नाव मी इथे लिहीत नाही. जवळजवळ हीच ओळ मी इतर पालकांच्या फायलींमध्येही वाचली आहे, आणि एका केंद्राशी भांडून हा प्रश्न सुटणारा नाही. म्हणून हे पत्र तुम्हा सगळ्यांना, आणि उघडपणे.

मुलगी सात वर्षांची आहे. तिला ऑटिझम आहे हे मला मान्य आहे, निदान बरोबर आहे. माझं म्हणणं एवढंच की ते निदान झाल्यावर तिच्या पुढच्या प्रत्येक अडचणीचं उत्तर आधीच ठरून गेलं. झोप येत नाही? ऑटिझम. बटण लावता येत नाही? ऑटिझम. बोलत नाही? ऑटिझम, दुसरं काय. पण ऑटिझम असलेली कितीतरी मुलं भरपूर आणि स्पष्ट बोलतात. 2013 पासून वापरात असलेल्या निदानाच्या निकषांत, म्हणजे डीएसएम-5 मध्ये, भाषा उशिरा येणं ही ऑटिझमची अटसुद्धा राहिलेली नाही. भाषेची अडचण सोबत आहे की नाही, हे वेगळं नोंदवायचं असतं. मग माझी मुलगी का बोलत नाही, हा प्रश्न निदानानंतरही तसाच उभा राहतो. तो कुणी विचारत नाही.

ती काय करते ते सांगते. पाणी हवं असलं की ती बाटलीकडे बघते, मग माझ्याकडे बघते आणि बोलायला जाते. ओठ मिटतात, सुटतात, पुन्हा मिटतात. जीभ एकदा पुढे येते, एकदा बाजूला सरकते. मग येतं 'बाणी'. पुन्हा म्हणायला सांगितलं की 'माई'. त्यानंतर नुसता 'आ'. शेवटी ती डोळे घट्ट मिटते आणि हाताने बाटली ओढून घेते.

आता 'पाणी' म्हणायला काय काय लागतं ते बघा. ओठ मिटलेले असताना मऊ टाळूने नाकाची वाट बंद करायची. ओठ सुटले की लगेच स्वरयंत्राने आवाज सुरू करायचा. जबडा खाली यायचा, मग जिभेचं टोक मागे वळून टाळूला लागायचं, तेवढ्यात नाकाची वाट उघडायची आणि जीभ 'ई'च्या जागी पोचेपर्यंत ती पुन्हा मिटायची. ओठ सुटण्याआधीच आवाज सुरू झाला की 'प'चा 'ब' होतो. नाकाची वाट उघडी राहिली की 'म' होतो. सगळा खेळ सेकंदाच्या काही शतांश भागांचा. माझी मुलगी चुकते ती नेमकी याच सांध्यांवर, आणि दर खेपेला वेगळ्या सांध्यावर. जिला बोलायचंच नाही तिने एवढी खटपट केली नसती.

याला नाव आहे. चाइल्डहूड ॲप्रॅक्सिया ऑफ स्पीच. स्नायूंत ताकद असते, शब्द डोक्यात असतो, पण तो शब्द उच्चारण्यासाठीच्या हालचालींची आखणी आणि त्यांचा क्रम मेंदूला जमत नाही. (स्नायूच दुबळे असतील किंवा त्यांच्यावरचा ताबा सुटलेला असेल तर तो डिसार्थ्रिया. तोही ऑटिझमसोबत असू शकतो, आणि त्याचा उपचार वेगळा.) अमेरिकेतल्या वाचा-भाषा-श्रवण तज्ज्ञांच्या संघटनेने 2007 मध्ये ॲप्रॅक्सियाच्या तीन खुणांवर तज्ज्ञांचं एकमत नोंदवलं : तोच शब्द पुन्हा म्हणताना वेगवेगळ्या चुका होणं, एका ध्वनीवरून दुसऱ्यावर जाताना अडखळणं किंवा ताण येणं, आणि बोलण्याची लय आणि आघात, म्हणजे शब्दात कुठे जोर द्यायचा ते, बिघडणं. माझ्या मुलीत मला यातल्या पहिल्या दोन दिसतात. तिसरीबद्दल मी बोलणार नाही, कारण लय ऐकू यावी इतकं ती बोलतच नाही. शिवाय ज्या भाषांत आघाताने शब्दाचा अर्थ बदलत नाही, तिथे ही खूण कशी ओळखायची हे तुम्हीच आम्हाला सांगायला हवं. मी डॉक्टर नाही. तिला ॲप्रॅक्सिया आहेच, असा माझा दावा नाही. पण 'आहे' किंवा 'नाही' यांपैकी एक उत्तर कुणीतरी तपासून द्यावं, एवढा तिचा हक्क आहे.

ऑटिझम आणि ॲप्रॅक्सिया एकत्र किती वेळा आढळतात, यावर संशोधकांत मतभेद आहेत, आणि ते लपवून मी माझी बाजू मांडणार नाही. लॉरेन्स श्रायबर्ग आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये ऑटिझम असलेल्या 4 ते 7 वयाच्या 46 मुलांचं बोलणं तपासलं आणि ॲप्रॅक्सियाच्या कल्पनेला त्यात आधार सापडला नाही. मात्र ती मुलं बोलणारी होती. 2015 मध्ये चेरिल टिअर्नी आणि सहकाऱ्यांच्या 30 मुलांच्या अभ्यासात, सुरुवातीला ऑटिझमचं निदान झालेल्यांपैकी 63.6 टक्के मुलांत ॲप्रॅक्सियाही निघाला. आणि ॲप्रॅक्सियाचं निदान झालेल्यांपैकी 36.8 टक्के मुलांत ऑटिझमही. अभ्यास फार लहान, त्यामुळे ती टक्केवारी सगळ्या मुलांना लावता येणार नाही. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासात ऑटिझम असलेली, कमी बोलणारी 54 मुलंमुली होती. त्यांतल्या 13 जणांत ॲप्रॅक्सियाची शंका घेण्याजोग्या खुणा दिसल्या. आणखी 13 जण इतकं कमी बोलत होते की त्यांच्याबद्दल काही ठरवताच आलं नाही. या दुसऱ्या तेरा जणांवर माझी नजर खिळते. सगळ्यात कमी बोलणारी मुलं अभ्यासाच्या हातातूनच निसटतात. तुमच्या दवाखान्यांतही हेच होतं.

आता तक्रारी.

पहिली तक्रार 'सहकार्य नाही' या शेऱ्याची. तिच्यासमोर चित्रं धरली, 'हे काय?' विचारलं, तिने उत्तर दिलं नाही, कागद भरला गेला. ऑटिझम असलेल्या मुलीला अनोळखी माणसाच्या चेहऱ्याकडे बघून नक्कल करणं जड जातं, आणि वाचेची परीक्षा तर नेमकी त्याच मार्गाने घेतली जाते. तेव्हा अपुरी पडली ती परीक्षा. समोर बसण्याऐवजी शेजारी बसून, आरशात बघत, तिच्या आवडत्या खेळात दोन-तीन आवाज घालून, थोडी मदत देऊन ती किती पुढे जाते ते पाहणं, घरी घेतलेले व्हिडिओ बघणं, असे मार्ग आहेत. आम्ही व्हिडिओ घेऊन गेलो होतो. ते कुणी पाहिले नाहीत. आणि एवढं करूनही निश्चित सांगता आलं नाही, तर 'ॲप्रॅक्सियाची शंका, काही महिन्यांनी पुन्हा तपासावं' असं लिहिता येतं. लहान किंवा न बोलणाऱ्या मुलांच्या बाबतीत तसं लिहिणं हेच प्रामाणिकपणाचं आहे.

दुसरी तक्रार मला सगळ्यात जास्त जाळते. 'म्हण, मग देईन.' बाटली हातात उंच धरायची, झोका अडवायचा, खेळणं पाठीमागे लपवायचं आणि शब्द येईपर्यंत थांबायचं. यामागचा हिशेब असा की हवं असलं की मूल बोलेल. प्रेरणा हीच अडचण असती तर हा हिशेब कदाचित चालला असता. ॲप्रॅक्सियात तो उलटा पडतो. न ठरवता, सवयीने येणारं बोलणं अशा मुलांना तुलनेने सोपं जातं; मागणी झाल्यावर, सगळ्यांच्या नजरा तोंडावर खिळलेल्या असताना, ठरवून तोच शब्द काढणं सगळ्यात अवघड. माझी मुलगी झोक्यावर असताना, कुणी काही विचारत नसताना, 'पाणी' एकदा लख्ख म्हणाली. मी ऐकलं, तिच्या वडिलांनी ऐकलं. पुढच्या आठवड्यात मी ते मोठ्या आनंदाने केंद्रात सांगितलं. त्याचा परिणाम असा झाला की 'हिला येतं, ही मुद्दाम म्हणत नाही' असं ठरलं, आणि बाटली आणखी उंच गेली. तिने पहिल्यांदा स्वतःचा हात चावला तो त्या खोलीत. अहवालात ते 'वर्तनसमस्या' म्हणून नोंदलं गेलं, आणि पुढच्या आढाव्यात बोलण्याचा वेळ कापून वर्तनाला दिला गेला. तहानलेल्या मुलीला पाणी दाखवून थांबवणं हा कोणत्याही निदानाचा उपचार होऊ शकत नाही. शब्द येतो आणि हरवतो, हीच या विकाराची ओळख असताना, आलेला शब्द तिच्याविरुद्धचा पुरावा म्हणून वापरला गेला.

तिसरी : टॅब्लेट. चित्रांवर बोट ठेवलं की आवाज देणारं ॲप आम्ही तिला दिलं. केंद्रात ते बॅगेत ठेवायला सांगितलं जातं, कारण 'त्याची सवय लागली तर बोलणार नाही'. या भीतीला आधार नाही. मिलर, लाइट आणि श्लॉसर यांनी 2006 मध्ये 23 अभ्यास तपासले. त्यांतल्या नीट नियंत्रण असलेल्या अभ्यासांत मिळून 27 जण होते. अशी साधनं किंवा खुणा दिल्यावर त्यांच्यातल्या 89 टक्के जणांचं बोलणं वाढलं, आणि एकाचंही कमी झालं नाही. कॉनी कसारी आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये ऑटिझम असलेल्या, फार कमी बोलणाऱ्या, 5 ते 8 वयाच्या 61 मुलांवर प्रयोग केला. उपचारात सुरुवातीपासून आवाज देणारं साधन जोडलेल्या मुलांनी ते न दिलेल्या मुलांपेक्षा आपणहून जास्त संवाद साधला. माझ्या मुलीचा टॅब्लेट बॅगेत गेला की ती त्या वेळेपुरती संपूर्ण मुकी होते. तिला बोलतं करायला तिचं होतं तेवढं बोलणं काढून घेतलं जातं. 'आधी ही चित्रं जुळवू दे, आधी नीट बसू दे, मग टॅब्लेटचं बघू' ही अटही तितकीच निराधार आहे. बोलता येणाऱ्या मुलाला आधी नीट बस आणि मग बोल, असं आपण म्हणत नाही.

चौथी तक्रार उपचारांची. शिट्टी वाजवणं, स्ट्रॉने फुंकणं, गाल फुगवणं, जीभ चमच्यावर दाबणं. वर्षभर आमच्या वहीत हाच गृहपाठ होता. फुंकण्यासाठी मेंदू जी आखणी करतो ती 'प' म्हणण्याची आखणी नव्हे. अशा व्यायामांनी उच्चार सुधारतात याचा भरवशाचा पुरावा नाही, आणि ॲप्रॅक्सियात तर स्नायूंची ताकद हा प्रश्नच नसतो. बोलणं सुधारायचं तर बोलण्याचाच सराव हवा : मोजके, तिच्या उपयोगाचे शब्द, पुन्हा पुन्हा, आधी थेरपिस्टबरोबर एकाच वेळी आणि सावकाश, मग हळूहळू आधार काढून घेत. ईडिथ स्ट्रँड यांनी विकसित केलेली डीटीटीसी (डायनॅमिक टेम्पोरल अँड टॅक्टाइल क्यूइंग) पद्धत याच तत्त्वावर चालते. अशा पद्धतींत एका बैठकीत शब्द म्हणून पाहण्याच्या खेपा शंभराच्या घरात नेण्याचा प्रयत्न असतो, आणि आठवड्यातून अनेक छोट्या बैठका घेतल्या जातात. आमच्या मुलीला आठवड्याला एक बैठक, तीही अर्धी खुर्चीवर बसवण्यात जाणारी. बोलण्याच्या संधी हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या. एवढ्यावर 'उपचारांना प्रतिसाद नाही' असं लिहिणं योग्य नाही. जो उपचार झालाच नाही त्याला प्रतिसाद कुठून येणार?

वयाची सबब थोडक्यात. 'पाच वर्षांपर्यंत आलं तर आलं' हे वाक्य प्रत्येक पालकाने ऐकलं आहे. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ऑटिझम असलेली अशी 535 मुलं होती, ज्यांची भाषा चौथ्या वर्षी फार मागे होती. आठ किंवा त्यापुढच्या वयात त्यांतली 70 टक्के मुलं किमान छोट्या वाक्यांशांत बोलत होती आणि 47 टक्के अस्खलित बोलत होती. माझी मुलगी त्यांच्यात असेल अशी हमी मी मागत नाही. सातव्या वर्षी दार लावू नका, एवढंच म्हणते.

शेवटची तक्रार संशोधकांकडे आणि अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांकडे. ॲप्रॅक्सियाच्या उपचारांचा कॉक्रेन आढावा, म्हणजे एका विषयावरचे अभ्यास गोळा करून काटेकोरपणे तपासणारा आढावा, 2018 मध्ये आला, तेव्हा त्यात बसण्याजोगा, यादृच्छिक गट पाडून केलेला अभ्यास एकच सापडला होता : 4 ते 12 वयाची 26 मुलं, आणि तीही ज्यांच्या ॲप्रॅक्सियामागे दुसरं कोणतंही कारण किंवा निदान नव्हतं. म्हणजे ॲप्रॅक्सियाचे अभ्यास ऑटिझम असलेल्या मुलांना बाहेर ठेवतात, ऑटिझमचे कार्यक्रम तोंडाच्या हालचालींकडे बघत नाहीत, आणि दोन्ही असलेली मुलं दोन खोल्यांच्या मधल्या बोळात उभी राहतात. वाचेचे तज्ज्ञ म्हणतात, 'आधी वर्तन सुधारून आणा.' वर्तनाचे तज्ज्ञ म्हणतात, 'वाचेचं आमच्याकडे नाही.' या पोकळीत मग कोण शिरतं तेही बघा. मूल टेबलाशी, मोठ्या माणसाने त्याचा हात किंवा कोपर धरलेलं, आणि अक्षरांच्या पाटीवर सुंदर सुंदर वाक्यं उमटतात. या 'फॅसिलिटेटेड कम्युनिकेशन'च्या नियंत्रित चाचण्यांत मजकूर मुलाचा नसून हात धरणाऱ्याचा असतो, हे वारंवार सिद्ध झालं आहे. वर उल्लेखलेल्या अमेरिकन संघटनेने 2018 मध्ये ते वापरू नये असं स्पष्ट सांगितलं. तरी पालक तिकडे जातात. ते भोळे असतात म्हणून जात नाहीत. 'तुमच्या मुलाच्या आत शब्द आहेत' असं त्यांना फक्त तिथेच कुणीतरी म्हणतं, म्हणून जातात. हे वाक्य तपासणी करून, पुराव्याने, तुमच्या तोंडून ऐकू आलं असतं तर ती दारं ठोठवायची वेळ कितीतरी जणांवर आली नसती.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

ऑटिझमचं निदान झालेलं मूल तीन-चार वर्षांचं होऊनही मोजकेच शब्द बोलत असेल, किंवा एकही बोलत नसेल, तर त्याची श्रवणचाचणी आणि वाचेच्या हालचालींची तपासणी झालीच पाहिजे. ती त्याच्या घरच्या भाषेत व्हावी, एकाहून जास्त बैठकांत व्हावी, आणि घरचे व्हिडिओ त्यात धरले जावेत. निष्कर्ष लेखी मिळावा. काय जमलं नाही आणि का जमलं नाही, हेही त्यात असावं. 'सहकार्य नाही' हा निष्कर्ष म्हणून चालणार नाही. त्याच वेळी, प्रत्येक न बोलणाऱ्या मुलावर ॲप्रॅक्सियाचा शिक्काही मारू नका. तो नसेल तर 'नाही' असं स्पष्ट लिहा, म्हणजे आम्हाला दुसरं कारण शोधता येईल.

संवादाचं साधन, मग ते चित्रांची पाटी असो, हाताच्या खुणा असोत की टॅब्लेट, पहिल्या दिवसापासून मिळावं आणि कुठल्याही खोलीत ते मुलापासून काढून घेतलं जाऊ नये. पाणी, खाणं, शौचालय आणि विश्रांती यांवर 'म्हण, मग देईन' ही अट पूर्ण बंद व्हावी. ही मागणी चर्चेसाठी नाही.

ॲप्रॅक्सिया किंवा त्याची रास्त शंका असेल तिथे हालचालींच्या शिक्षणावर आधारलेला उपचार पुरेशा वेळा मिळावा, ऑटिझम असलेल्या मुलाला झेपेल असा बदलून मिळावा, आणि घरी काय करायचं ते आम्हाला शिकवावं. आम्ही करू. बोलण्याचं उद्दिष्ट बंद करायचंच असेल तर त्याआधी कोणता उपचार, किती वेळा, किती काळ दिला याचा हिशेब पालकांसमोर ठेवावा आणि दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्यावं.

अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांनी वाचा-उपचाराच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ऑटिझम असलेल्या, न बोलणाऱ्या मुलांबरोबर देखरेखीखाली काम करायला लावावं, आणि ऑटिझमवर काम करणाऱ्या प्रत्येकाला वाचेच्या हालचालींचे विकार किमान ओळखायला शिकवावं. संशोधकांनी या मुलांना वगळण्याचं थांबवावं.

माझ्या मुलीबद्दलचा निर्णय मागे घेऊन तिची नव्याने तपासणी करावी, असा लेखी अर्ज मी केंद्राकडे दिला आहे. तुमच्यापैकी जे हे पत्र वाचतील त्यांना एक विनंती : आपल्याकडच्या फायली काढा. ज्या मुलांच्या नावापुढे 'ऑटिझम, बोलत नाही' असं लिहिलं आहे, त्यांच्या ओठ-जिभेच्या हालचालींबद्दल, उच्चारांबद्दल एकतरी नोंद आहे का ते बघा. जिथे नसेल तिथे त्या घरी फोन करून मुलाला पुन्हा तपासणीला बोलवा.

आपली,
सात वर्षांच्या एका मुलीची आई